खोलायचं नाही, ओतायचं

जुन्या ट्रॅक्टरच्या मुळावर सगळ्यात आधी कोण उठत असेल, तर मालकाचा मेहुणा. तो चाकणला कंपनीत असतो. दसऱ्याला बहिणीकडे आष्टीला येतो, अंगणातल्या ट्रॅक्टरचा निळा धूर बघतो आणि चहाची बशी खाली ठेवत म्हणतो, "दाजी, इंजिन खोलायच्या भानगडीत पडू नका. आता बाटली येते. वरून ओतायची, बास!"

दाजींना हेच ऐकायचं असतं. रिंगा गेल्यात, लायनर घासलेत, हाफ इंजिन करावं लागेल, असं मिस्त्रीने आठवडाभर आधी सांगून ठेवलेलं असतं. तो आकडा ऐकल्यापासून दाजींचा डोळ्याला डोळा नाही. बाटली शेकड्यांत येते आणि इंजिन हजारांत. मेहुणा जिंकतो.

बीडच्या आष्टी तालुक्यात हे नेमकं याच दिवसांत घडतं, कारण हे ऊसतोडीच्या सीझनच्या तयारीचे दिवस. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, अंगावर आलेली असते, कोयते, म्हणजे तोडणाऱ्या जोड्या, ठरलेले असतात, कारखान्याची तारीख जवळ आलेली असते. मागे दोन ट्रॉल्या लावून सोलापूर, पुणे, सातारा नाहीतर थेट कर्नाटक गाठायचं असतं. त्याआधी ट्रॅक्टर सजतो. टायर रिमोल्ड होतात, ट्रॉलीला रिफ्लेक्टर लागतो, बॉनेटवर देवाचं नाव येतं, टेपला नवा ॲम्प्लिफायर बसतो. गाण्याचा आवाज मोठा असला की टॅपेटची खडखड ऐकू येत नाही, हा एक फायदाच. एवढा खर्च झाल्यावर इंजिनाच्या वाट्याला उरते ती बाटली.

तिच्या लेबलावर सगळं लिहिलेलं असतं. धूर थांबतो, आवाज बसतो, ॲव्हरेज वाढतं, इंजिनाचं आयुष्य दुप्पट होतं. फायनान्सचे हप्ते भरण्याचं तेवढं लिहायचं राहिलंय. आत बहुतेकदा घट्ट तेल असतं, आणि तेल तापल्यावर पातळ होऊ न देणारं एक रसायन. हे रसायन वाईट नाही, पण ते तुमच्या इंजिन ऑइलच्या डब्यात आधीपासूनच आहे. १५-डब्ल्यू-४० लिहिलेला कुठलाही बरा डबा घ्या, त्यात निव्वळ तेल नसतंच. काजळी धुऊन काढणारं एक द्रव्य, धुतलेली काजळी तळाला बसू न देणारं दुसरं, आम्ल मारणारं तिसरं, धातूवर धातू घासतो तिथे पातळ थर धरणारं जस्त-फॉस्फरसचं चौथं, असं सगळं मापून घातलेलं असतं. त्या मापावर आपण अंदाजाने बाटली उपडी करतो.

अमेरिकेत हा धंदा आपल्या आधी भरभराटला. 'स्लिक फिफ्टी' नावाची टेफ्लॉनची बाटली तिथे धडाक्याने खपत होती. १९९७ साली तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने तिच्या जाहिरातींवर बोट ठेवलं आणि पुरावा असल्याशिवाय इंजिनाची झीज कमी होते वगैरे दावे करायचे नाहीत, हे कंपनीकडून कबूल करून घेतलं. आपल्याकडे पुराव्याची पद्धत सोपी आहे. बाटलीवर 'जर्मन टेक्नॉलॉजी' छापलं की पुरावा झाला.

बाटलीवाल्याचं निम्मं काम काळ्या रंगाची भीती करते. डिझेल इंजिनात नवं तेल घातलं की चार दिवसांत ते काळं होतं. मालक काडी बाहेर काढतो, बोटाला लावून बघतो, आणि "तेल गेलं" म्हणतो. ते गेलेलं नसतं, कामावर रुजू झालेलं असतं. जळताना उडालेली काजळी त्याने अंगावर घेतलेली असते, म्हणून ते काळं. महिना झाला तरी तेल सोन्यासारखं दिसतंय असं कोणी अभिमानाने सांगितलं, तर आधी ते तेल कुठल्या डब्यातलं ते विचारावं.

घट्ट तेलाने धूर काही दिवस कमी होतो, हे मात्र खोटं नाही. झिजलेल्या रिंगांच्या फटीतून पातळ तेल वर चढतं आणि जळतं. घट्ट तेल जरा उशिरा चढतं. जुना ट्रॅक्टर विकणारे हे फार आधीपासून ओळखून आहेत. गिऱ्हाईक यायच्या आदल्या रात्री इंजिनात ९० नंबर, म्हणजे गिअरबॉक्सचं ऑइल मिसळायचं. सकाळी ट्रॅक्टर धूर न टाकता उभा. बैलबाजारात शिंगं तासून, रंगवून म्हातारा बैल तरणा करून विकायचे, त्यातलाच हा प्रकार. फरक एवढाच की बैल निदान घरी जाईपर्यंत चालायचा. घट्ट तेल थंड इंजिनात वरपर्यंत पोचायला वेळ लावतं, आणि पहाटे सेल्फ मारल्यानंतरचे ते सुरुवातीचे क्षण बेअरिंग कोरडी फिरतात. म्हणजे रिंगांची लाज झाकायला क्रँकचा बळी.

आता धुराचं बघू, कारण धूर खोटं बोलत नाही. निळा असेल तर इंजिन ऑइल जळतंय. काळा असेल तर डिझेल जास्त जातंय किंवा हवा कमी पडतेय. पांढरा असेल तर डिझेल न जळता बाहेर पडतंय, नाहीतर कुठून तरी पाणी आत शिरलंय. तीन रंग, तीन दुखणी. दुकानात तिन्हींना एकच बाटली.

आणि काळ्या धुराच्या मागे आपल्या भागात कोण असतं? धूळ. बालाघाटाच्या अंगाचा हा मुरमाड माळ, पाऊस कमी, रस्ते खडीचे, वावरात रोटाव्हेटर फिरला की ट्रॅक्टर दिसत नाही. जुन्या ट्रॅक्टरांना हवा गाळायला तेलाची वाटी असते. हवा त्या तेलावर आपटून आत जाते आणि धूळ तेलात अडकते. व्यवस्था इतकी साधी की तिला बिघडायला जागाच नाही. फक्त ती वाटी सोडवून चिखल झालेलं तेल टाकायचं आणि नवं घालायचं, धुळीच्या कामात रोज बघायचं. हे फुकटातलं काम. म्हणूनच ते कोणी करत नाही. मी एका वाटीत तेल नावाला नव्हतं आणि तळाला कडक झालेली माती होती असं पाहिलंय. त्या ट्रॅक्टरच्या इंजिनात त्याच आठवड्यात एक महागडी बाटली ओतलेली होती. माती रिंगांना कानशीसारखी घासत असताना आपण तेलाला टॉनिक पाजत होतो.

तासांचं तर विचारूच नका. दर २५० तासांनी ऑइल बदला असं पुस्तकात असतं. ट्रॅक्टरचा तास मोजणारा काटा कधीचाच मेलेला. मग तास मोजायचे कशावर? पोळ्यावर. पोळ्याला बैल धुतात, ट्रॅक्टरही धुतात, जमलं तर ऑइल बदलतात.

आता मिस्त्रीची बाजू. त्याचा एक लाडका सिद्धांत आहे: "मालक, डिझेलच कोरडं झालंय. पहिल्यासारखा चिकटपणा राहिला न्हाई." शहरातले शिकलेले यावर हसतात. हसू नये, मिस्त्री निम्मा बरोबर आहे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आपल्या डिझेलमध्ये गंधक १ टक्क्यापर्यंत चालायचं, म्हणजे दहा लाख भागांत दहा हजार. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ डिझेल आलं, त्यात गंधक दहा लाखांत फक्त १० भाग. हजारपट कमी. शहरांच्या फुप्फुसांसाठी ते आवश्यकच होतं. पण गंधक काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलमधली नैसर्गिक वंगण देणारी काही द्रव्यंही निघून जातात. तेल कंपन्यांना ते माहीत असतं, म्हणून रिफायनरीतच वंगण वाढवणारं द्रव्य घालून डिझेल ठरलेल्या मापात बसवतात. म्हणजे डिझेल कोरडं झालं होतं, पण ते पंपावर येण्याआधीच ओलं करून पाठवलं जातं. मिस्त्रीच्या सिद्धांताचा दुसरा अर्धा भाग असा हुकतो.

त्या सिद्धांतावर उतारा म्हणून टाकीत टू-टी ऑइल घालायचं. स्कूटर गेल्या, लुना गेल्या, पण टू-टीची पुडी जुन्या डिझेलवाल्यांनी जिवंत ठेवली. थोडंसं घातलं तर मोठा अपाय होत नाही, आणि ज्याचा पंप डिझेलच्याच वंगणावर फिरतो अशा जुन्या रोटरी पंपाच्या जीपला कदाचित बरंही वाटत असेल. पण ट्रॅक्टरांवर सहसा मायकोचा इनलाइन पंप असतो, आणि त्याच्या कॅमला वंगण इंजिन ऑइलाचं मिळतं. त्याची टू-टीची फर्माईश नसते. त्याला हवं असतं स्वच्छ डिझेल. पंपाचा प्लंजर आणि त्याचं बॅरल यांच्यात फट असते ती दोन-तीन मायक्रॉनची. आपल्या डोक्यावरचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. एवढ्या नाजूक जागेत आपण काय पाठवतो? उघड्या ड्रममधलं, पावसाचं पाणी शिरलेलं, जुन्या कीटकनाशकाच्या कॅनमधून आणलेलं डिझेल. काही महाभाग तर ड्रेन केलेलं जळकं ऑइल फडक्याने गाळून डिझेलमध्ये घालतात. काटकसर! फडक्याला मायक्रॉन कळत नाहीत. नाशिकच्या मायकोच्या, म्हणजे आताच्या बॉशच्या, कारखान्यात ज्या नोझलवर इतकी कारागिरी होते, तिचा शेवट अशा फडक्यापाशी होतो.

रॉकेलचा जमाना मात्र सरला. एके काळी रेशनचं निळं रॉकेल चुलीपेक्षा टाकीत जास्त जळायचं. सरकारने गरिबाच्या दिव्यासाठी स्वस्त केलेलं तेल ट्रकच्या पोटात जाई, कारण दोन भावांमधली तफावत हाच एक मोठा धंदा होता. जुनं इंजिन रॉकेलवर चालतं, नाही असं नाही. पण रॉकेल पातळ, वंगण नसलेलं. पंप आणि नोझल हळूहळू खाऊन टाकतं. तो धंदा किती क्रूर होता हे महाराष्ट्राला २५ जानेवारी २०११ रोजी कळलं. मालेगावचे अप्पर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना मनमाडजवळ तेलाची भेसळ पकडायला गेल्यावर जिवंत जाळलं. त्याबद्दल तिरकस लिहिण्यासारखं काही नाही. पुढे रॉकेलवरचं अनुदान संपलं, तफावत संपली आणि भेसळही आटली. जे काम छाप्यांनी झालं नव्हतं ते भावाने केलं.

तफावत मेली तरी तिच्यावर जगायची कल्पकता मेली नाही. २०२०-२१ च्या सुमारास राज्यातल्या महामार्गांच्या कडेला 'बायोडिझेल'चे पंप उगवले. डिझेलपेक्षा स्वस्त, बोर्डावर हिरवं पान. त्यातल्या अनेक ठिकाणी हिरवं फक्त ते पानच होतं; टाकीत कारखान्यांसाठीचं कसलं तरी औद्योगिक तेल. धाडी पडल्या, टँकर जप्त झाले. खऱ्या बायोडिझेलसाठी आयएस १५६०७ नावाचं मानक आहे. ते मानक विचारणारा गिऱ्हाईक त्या पंपांवर एखादा तरी आला असेल का? आला असेल तर त्याला पुढच्या पंपाचा रस्ता दाखवला असेल.

तेलावर इंजिन चालवण्याची कल्पना नवी नाही, इंजिनाच्या जन्मापासूनची आहे. १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात ऑटो कंपनीने एक छोटं डिझेल इंजिन चक्क शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं. फ्रेंच सरकारला आपल्या आफ्रिकेतल्या वसाहतींत पिकणाऱ्या भुईमुगावर यंत्रं चालतील का ते बघायचं होतं. रुडॉल्फ डिझेलने ही हकीकत पुढे लिहून ठेवली, आणि आता १० ऑगस्टला जागतिक जैवइंधन दिन साजरा करताना भाषणात ती हमखास येते. भाषणात न येणारी गोष्ट अशी की आज शेंगतेलाचा भाव डिझेलच्या दुपटीच्या आसपास आहे. आपण कच्चं तेल ८५ टक्क्यांहून जास्त आयात करतो आणि खाण्याचं तेल निम्म्याहून जास्त. म्हणजे एक आयात वाचवायला दुसरी आयात टाकीत ओतायची. वर थालिपीठ कोरडं.

"मग तळून उरलेलं तेल वापरा ना," मेहुणा म्हणतो. त्याने व्हिडिओ बघितलेला असतो. व्हिडिओतला अमेरिकन माणूस हॉटेलामागून कॅन भरून तळणीचं तेल आणतो, गाळतो आणि जुन्या मर्सिडीझमध्ये भरून फिरतो. हे खरं आहे. आणि यात एक गंमत आहे जी आष्टीच्या स्टँडवर कोणाच्या लक्षात नसेल. त्या गाड्यांत एक नावाजलेलं इंजिन होतं ओएम ६१६. तेच पुण्याच्या बजाज टेम्पोने परवाना घेऊन इथे बनवलं आणि ट्रॅक्स गाडीत बसवलं. म्हणजे बारा-पंधरा माणसं, दोन शेळ्या आणि टपावर कांद्याची गोणी घेऊन कडा-धामणगावच्या रस्त्याला धावलेल्या वडापच्या पोटात मर्सिडीझचं काळीज होतं. मागच्या दाराला लटकणाऱ्याला कोणी सांगितलंच नाही.

मग आपल्याकडे तो प्रयोग का नाही? पहिलं कारण तांत्रिक. खाण्याचं तेल डिझेलपेक्षा साधारण दहापट घट्ट. नोझलमधून त्याचा धुक्यासारखा फवारा होत नाही, थेंब पडतात. थेंब अर्धवट जळतात, नोझलच्या तोंडाशी कोळसा धरतात, रिंगा चिकटवतात. न जळलेलं तेल खाली ऑइल पॅनमध्ये उतरतं आणि तिथे इंजिन ऑइलाची खळ होते. तो अमेरिकन माणूस दोन टाक्या ठेवतो, डिझेलवर सुरू करतो, तेल तापवून मग त्यावर जातो आणि बंद करण्याआधी पुन्हा डिझेलवर येतो. आपल्याकडे एका टाकीचं झाकण हरवलेलं असतं, दुसरी कुठून आणणार? तेलावर मिथेनॉलची प्रक्रिया करून ग्लिसरीन बाजूला काढलं की जे पातळ इंधन मिळतं ते खरं बायोडिझेल. पण जुन्या इंजिनात तेही एकदम घालू नये. ते टाकीतला वर्षानुवर्षांचा गाळ सोडवतं आणि सगळा गाळ फिल्टरमध्ये येऊन बसतो. जुने रबरी पाइपही मऊ पडतात.

दुसरं कारण जास्त पक्कं आहे. तळून उरलेलं तेल मिळवायला तेल उरावं लागतं. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ पासून नियम केलाय की तेलातली ध्रुवीय संयुगं २५ टक्क्यांच्या वर गेली की ते तळणीला वापरायचं नाही. वापरलेलं तेल गोळा करून बायोडिझेलला द्यायची 'रुको' नावाची मोहीमही काढली. मोहिमेचं नाव ऐकायला 'थांबा' असलं तरी भज्यांची कढई थांबत नाही. स्टँडवरच्या कढईत तेल टाकून देत नाहीत, वरून नवं घालतात. इथेही ओतणंच.

एक पर्याय सरकारने आपल्या बांधावर आणला होता, आठवतो का? मोगली एरंड. जट्रोफा. २००३ साली नियोजन आयोगाच्या समितीने आखणी केली, पडीक जमिनीवर एरंड लावायचा आणि २०११-१२ पर्यंत डिझेलमध्ये २० टक्के बायोडिझेल मिसळायचं. पाणी लागत नाही, शेळी खात नाही, राखण नको. आष्टीसारख्या तालुक्याला यापेक्षा सोयीचं पीक कागदावर कुठलं? पाणी लागत नाही हे अर्धसत्य निघालं. पाण्याशिवाय झाड जगतं, बी धरत नाही. शेळीने खाल्लं नाही आणि गिरणीनेही घेतलं नाही. २००९ च्या धोरणाने तेच २० टक्के २०१७ वर ढकलले. २०१८ च्या धोरणाने आकडाच उतरवला: ५ टक्के, आणि तेही २०३० पर्यंत. आजचं मिश्रण एका टक्क्यालाही पोचलेलं नाही. आमच्याकडे काही बांधांवर ते एरंड अजून कुंपण म्हणून उभे आहेत. कुंपण चांगलं होतं.

रेल्वेनेही हौस केली. ३१ डिसेंबर २००२ रोजी दिल्ली-अमृतसर शताब्दी ५ टक्के बायोडिझेल घालून पळवली. त्या वेळी आमच्या आष्टीवरून जाणारा अहमदनगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग मंजूर होऊन सात वर्षं झाली होती. पहिली गाडी न्यू आष्टीहून २३ सप्टेंबर २०२२ ला सुटली. रेल्वे देशभर विजेच्या तारांखाली जात होती, तेव्हा आम्हाला मिळाली डेमू, म्हणजे डिझेलचीच. तक्रार नाही. सत्तावीस वर्षं वाट पाहिलेल्याने गाडी काय पिते ते विचारायचं नसतं.

इंधनाच्या चमत्कारांत सरकारी आणि खासगी असा भेद नाही. १९९६ साली तमिळनाडूच्या रामर पिल्लैने झाडपाल्यापासून पेट्रोल करून दाखवलं आणि मोठमोठे लोक थक्क झाले. पुढे तपासात त्या वनौषधीत पेट्रोलियमचीच द्रव्यं निघाली; २०१६ साली त्याला तीन वर्षांची शिक्षा झाली. वीस वर्षं लागली एवढं कळायला. बाटलीवाल्यांनी हिंमत सोडू नये.

खरी थट्टा मात्र आष्टीच्या ट्रॅक्टरची चालली आहे. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉलचं उद्दिष्ट २०२५ मध्ये गाठलं. त्यातलं किती तरी इथेनॉल उसाचं. तो ऊस तोडायला आष्टी, पाटोदा, शिरूरचे कोयते गेले, ओढायला इथलेच ट्रॅक्टर गेले. पण ट्रॅक्टरच्या टाकीत ते इथेनॉल चालत नाही. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबलेल्या तापलेल्या हवेत इंधन आपसूक पेटावं लागतं. ती तयारी मोजतात सीटेन आकड्याने. डिझेलला किमान ५१ हवा, इथेनॉलचा ८ च्या आसपास. शिवाय जरा पाणी शिरलं की इथेनॉल डिझेलपासून काडीमोड घेतं. सप्टेंबर २०२५ मध्ये नितीन गडकरींनीच सांगितलं की डिझेलमध्ये इथेनॉलचा प्रयोग जमला नाही, आता आयसोब्युटानॉल १० टक्के मिसळून पुण्याच्या एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेत चाचण्या चालू आहेत. ते डिझेलमध्ये इथेनॉलपेक्षा बरं मिसळतं, पण पेटायच्या बाबतीत तेही आळशीच. जमेल, न जमेल. त्याआधी २०२१ च्या फेब्रुवारीत गडकरींनी सीएनजीवर केलेला ट्रॅक्टर दाखवला होता आणि शेतकऱ्याचे वर्षाला लाखभर रुपये वाचतील असं सांगितलं गेलं. आष्टीच्या बांधावर अजून तरी डिझेलचाच वास येतो.

पर्यायी इंधनाचा शंभर टक्के यशस्वी प्रयोग कोणी केला असेल तर तो झिजलेल्या इंजिनाने स्वतः. रिंगा पार गेल्या की ऑइल पॅनमधलं ऑइल हवेच्या वाटेने वर खेचलं जातं आणि इंजिन त्याच्यावरच चालू लागतं. स्टॉपची तार ओढा, डिझेल बंद करा, ते थांबत नाही. 'इंजिन पळालं' म्हणतात ते हेच. स्वतःचं रक्त पिऊन ते जोरात, आणखी जोरात फिरतं, आणि शेवटी फुटतं किंवा जाम होतं. थांबवायचा एकच उपाय, हवेच्या तोंडावर गोणपाट दाबून त्याचा श्वास कोंडायचा. बाटलीच्या लेबलावर हा उपयोग छापलेला नाही.

एवढं सगळं लिहून दाजींना मूर्ख ठरवणं सोपं आहे. ते मूर्ख नाहीत. इंजिन खोलायचं म्हणजे दहा-पंधरा दिवस ट्रॅक्टर उभा. पंधरा दिवस उभा म्हणजे कोयते दुसरीकडे गेले, मुकादमाचा फोन, उचलीवर चढणारं व्याज. पाडव्यापर्यंत कसंही रेटायचं आणि मग बघू, असा तो हिशेब. बाटली इंजिनासाठी नसतेच, ती या हिशेबाला लागणारी सबब असते. माझं भांडण दाजींशी नाही. फुकटातली कामं सोडून विकतची सबब घेण्याशी आहे. बहुतेक ट्रॅक्टरांची डिझेल फिल्टरची जोडी त्या बाटलीच्याच भावात येते. हवेच्या वाटीतलं तेल, टाकीच्या तळाचं पाणी सोडणं, कॅनच्या तोंडाला जाळीचं नरसाळं, टॅपेटची फट, नोझलचा फवारा. यातल्या कशालाही इंजिन खोलावं लागत नाही.

आणि एक विनंती आष्टीबाहेरच्यांना, ज्यांच्या गव्हाणीत आमचे ट्रॅक्टर ऊस टाकतात त्या साखर कारखान्यांना. तुम्ही वाहतुकीचे करार करता, मुकादमामार्फत लाखांची उचल देता, कागदावर आरसी, विमा, रिफ्लेक्टर सगळं तपासता. दोन ट्रॉल्या भरून, उतारावर, पहाटेच्या अंधारात जे इंजिन ते सगळं वजन ओढणार आहे त्याचं झाकण तुमच्यापैकी कोणी उघडून बघत नाही. नोझल तपासायला हाताने दाबायचं एक टेस्टर लागतं आणि नोझलमागे काही मिनिटं. राज्यातल्या आयटीआयमध्ये मेकॅनिक डिझेलचा एक वर्षाचा ट्रेड शिकणारी मुलं आहेत, त्यांनाही सरावाला इंजिनं मिळतील. सप्टेंबरात, उचल वाटायच्या आधी, करार होतात त्याच गावात आठ दिवस हे टेस्टर मांडा, मुलांना बोलवा, फिल्टरची जोडी उचलीतून वळती करून द्या. त्याला येणारा खर्च, भर गाळपात घाटात बंद पडलेल्या एका ट्रॅक्टरने केलेल्या खोळंब्याहून जास्त नसेल.